पुस्तकासाठी टॉर वापरलं, आता पोलीस येतील का?

चर्नीरोडकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी धागा काढतोय.

बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. सध्या गिरगावातल्या जुन्या छापखान्यांची माहिती गोळा करायचा नाद लागलाय. शंभर वर्षांपूर्वीच्या काही मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती एका परदेशी संकेतस्थळावर आहेत, रोज सकाळी चहा घेऊन तिथे बसायचो. गेल्या आठवड्यात अचानक पांढरं पान आलं आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावरून हे संकेतस्थळ बंद करण्यात आले आहे. कोण अधिकारी, कुठला आदेश, काही पत्ता नाही. गंमत म्हणजे सौ.च्या मोबाईलवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर, तेच पान निवांत उघडतं. इंटरनेटवाल्यांना फोन केला. "सर, राउटर बंद करून चालू करा." तीनदा केला. चौथ्यांदा सौ.ने हात धरला.

रविवारी भाचा जेवायला आला होता. त्याने दहा मिनिटांत टॉर नावाचा ब्राउझर टाकून दिला. कांद्याचं चित्र आहे. पुस्तक उघडलं! पण भाचा जाता जाता म्हणाला, "मामा, याच्यावरून ड्रग्ज पण मिळतात हां." तेव्हापासून झोप नाही. हे वापरणं गुन्हा आहे का? आणि हे नेमकं चालतं कसं, माझ्यासारख्याला समजेल असं कुणी सांगेल का?

मुलुंडमिरची
रुमाल टाकून ठेवते. सविस्तर लिहिते नंतर.

इडलीपात्र
काका, बेल वाजली तर आधी सेफ्टी डोअरच्या जाळीतून बघा. दूधवाला असेल तर उघडा. (दिवे घ्या.)

जुनाच_मोडेम
चर्नीरोडकर, घाबरू नका. मी पंधरा वर्षं नेटवर्कच्या धंद्यात आहे. एका कंपनीवर बंद आणि दुसरीवर चालू, यात नवल काही नाही. आदेश इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना जातो आणि प्रत्येक कंपनी आपापल्या जुगाडाने तो पाळते. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या लोकांनी हे तपासून पाहिलंय. बंद केलेल्या पत्त्यांची यादी कंपनीगणिक वेगळी निघते.

बंद करायच्या ढोबळ दोन पद्धती. पहिली डीएनएसची. तुम्ही संकेतस्थळाचं नाव टाइप केलं की तुमचा संगणक आधी चौकशीच्या खिडकीवर जातो, "या नावाचा आकडी पत्ता काय?" ती खिडकी कंपनीचीच असते. तिथला बाबू खोटं सांगतो, किंवा त्या पांढऱ्या पानाचा पत्ता हातात ठेवतो. यावर उपाय सोपा. दुसऱ्या खिडकीवर विचारायचं, म्हणजे सेटिंगमध्ये डीएनएस बदलायचा.

दुसरी पद्धत जरा चिवट. हल्ली बहुतेक संकेतस्थळं कुलूपवाली, म्हणजे एचटीटीपीएसवर असतात. आत काय वाचताय ते कंपनीला दिसत नाही. पण बसमध्ये चढून तुम्ही "एक म्युझियम" म्हणता ना, तसं पहिल्या झटक्यात संकेतस्थळाचं नाव उघड बोललं जातं. म्युझियमच्या आत कुठली मूर्ती बघणार ते कंडक्टरला कळत नाही, पण म्युझियमला चाललात हे कळतंच. त्याला हुकूम असेल की म्युझियमचं तिकीट फाडायचं नाही, तर तो दोरी ओढून तुम्हाला खाली उतरवतो. इथे डीएनएस बदलून भागत नाही.

काका, तुम्ही आधी डीएनएस बदलून बघा. टॉर म्हणजे उंदरासाठी तोफ.

पोटमाळा
मोडेमराव, दोरी ओढणारे कंडक्टर गेले हो. आता मशीन टुंग करतं. बाकी दाखला आवडला.

आजीचा_अडकित्ता
मला एक कळत नाही. सरकारने बंद केलंय म्हणजे काहीतरी कारण असेलच ना? सज्जन माणसाला लपवायचं काय असतं? हे टॉर वगैरे गांजावाले आणि त्याहून वाईट लोकांचे उद्योग आहेत. काकांनी ते काढून टाकावं आणि नामस्मरण करावं.

खिडकीतली_सीट
अडकित्ता, आपलं खरं नाव आणि पत्ता इथे लिहिता का? नाही ना? मग सज्जन माणसाला लपवायचं काय असतं ते तुम्हालाच ठाऊक.

आजीचा_अडकित्ता
ते वेगळं.

इडलीपात्र
😂😂 "ते वेगळं" फ्रेम करून लावा रे कुणीतरी.

खिडकीतली_सीट
टॉर कसं चालतं ते मी सांगायचा प्रयत्न करते. मुंबईकराला डबेवाल्याच्या भाषेत लगेच कळेल. बोरिवलीच्या घरातून एक जण डबा उचलतो, स्टेशनावर दुसऱ्याला देतो, चर्चगेटला तिसरा घेतो आणि ऑफिसात पोचवतो. कुणीच अख्खा प्रवास करत नाही. टॉरमध्ये पण तुमची मागणी तीन संगणकांमधून जाते. जगभरात असे हजारो संगणक लोक स्वखुशीने चालवतात.

मावळकन्या
माफ करा, पण हा दाखला चुकलाय. माझे आजोबा चाळीस वर्षं डबे वाहायचे, ग्रँट रोड ते फोर्ट. डब्याच्या झाकणावर सगळं लिहिलेलं असतं. कुठल्या भागातून निघाला, कुठल्या स्टेशनला उतरायचा, कोण पोचवणार, इमारत कुठली, मजला कितवा. ज्याला ती खूण वाचता येते त्याला दोन्ही टोकं कळतात. त्या खुणेमुळेच तर डबा चुकत नाही.

टॉरसाठी डब्यात डबा, त्यात अजून एक डबा समजा, आणि तिन्हींना वेगवेगळी कुलपं. पहिल्या माणसाकडे फक्त बाहेरच्या कुलपाची किल्ली. तो उघडतो तर आत दुसरा डबा आणि "अमक्याला दे" एवढीच चिठ्ठी. त्याला तुम्ही माहीत, पण डबा शेवटी कुठे जाणार ते नाही. मधल्याला दोन्ही टोकं माहीत नाहीत. तिसरा शेवटचं कुलूप उघडतो, त्याला ऑफिस कळतं पण स्वयंपाक कुणाच्या घरचा ते कळत नाही. पापुद्रे सोलत जायचं, म्हणून कांदा.

खिडकीतली_सीट
मान्य, आणि आजोबांना नमस्कार.

पोटमाळा
म्हणजे टॉरचा वर्धापनदिन कांदेनवमीला करायचा आणि मग चातुर्मासभर इंटरनेट बंद.

कोर्टाची_पायरी
काकांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी वकिली करतो, पण हा सल्ला नाही, गप्पा समजा.

भारतात टॉर किंवा व्हीपीएन (म्हणजे आपली वाहतूक दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या संगणकातून वळवणारी सोय) वापरणं हाच गुन्हा, असा देशभर लागू असलेला कायदा नाही. त्यातून तुम्ही काय करता ते बघितलं जातं. धमकी टॉरमधून दिली काय नि पोस्टकार्डावर दिली काय, ती धमकीच.

संकेतस्थळं बंद होतात ती मुख्यतः माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी संबंध अशी ठरावीक कारणं त्यात दिलेली आहेत. त्याचे नियम २००९ सालचे, आणि त्यातला १६ क्रमांकाचा नियम म्हणतो की तक्रार आणि कारवाई दोन्ही गुप्त ठेवायच्या. म्हणून काकांना पांढरं पान दिसतं आणि कारण दिसत नाही. माझा आक्षेप बंदीपेक्षा या गुप्ततेवर जास्त आहे. आदेशच हाती लागत नाही, तर अपील कशावर करणार?

दुसरा रस्ता न्यायालयाचा, बहुतेक वेळा कॉपीराइटचा. सिनेमा यायच्या आधी निर्माते 'अज्ञात व्यक्तीं'विरुद्ध आदेश आणायचे आणि त्या झाडूत भलतीच संकेतस्थळं झाडली जायची. २०१६ मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी याला लगाम घातला. अख्खं संकेतस्थळ सरसकट बंद करता येणार नाही, नेमके दुवे तपासून आणा, अशी भूमिका त्यांनी घेतली. त्याच साली, नुसतं असं पान पाहिलं म्हणून तुरुंगात जाल अशा थाटाची जी सूचना तेव्हा झळकायची, तीही त्यांनी बदलायला लावली.

अडकित्ता, "कारण असेलच ना" यावर एकच आठवण. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल दोन ओळी लिहिल्या, मैत्रिणीने लाइक केलं, दोघींना अटक झाली. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यावरून गाजलेलं, इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. मात्र त्याच निकालात ६९अ शाबूत राहिलं.

व्यवस्थापन
पक्ष आणि नेत्यांवर घसरू नये. आत्तापर्यंतचं ठीक आहे.

जुनाच_मोडेम
+१. आणि झाडूवरून आठवलं. जुलै २००६. ११ तारखेला लोकलमध्ये स्फोट झाले. त्यानंतर काही दिवसांत ब्लॉगस्पॉट उघडेनासं झालं. सरकारने मोजके पत्ते बंद करायला सांगितले होते, पण कंपन्यांना एकच ब्लॉग वेगळा काढता येईना, म्हणून सगळं ब्लॉगस्पॉटच दाबून टाकलं. मी तेव्हा लोअर परळला नोकरीला होतो, आणि स्फोटातल्या जखमींची, इस्पितळांची माहिती लोक ब्लॉगवरच टाकत होते! ज्यांना सर्वांत गरज त्यांचीच खिडकी बंद.

मग कुणीतरी पीकेब्लॉग्ज नावाचा आडमार्ग सांगितला. मूळचा तो पाकिस्तानी ब्लॉगरांसाठी होता, कारण त्यांच्याकडे काही महिने आधी ब्लॉगस्पॉट बंद झालं होतं. मुंबईत स्फोट, आणि मुंबईकर आपलेच ब्लॉग वाचतायत पाकिस्तान्यांसाठी काढलेल्या खिडकीतून. तेव्हा हसावं का रडावं कळेना.

कोड_आणि_कटिंग
२०१४ च्या डिसेंबर अखेरीचं माझंही असंच. अंधेरीच्या ऑफिसात गिटहब उघडेना. सगळ्या प्रोग्रॅमरांचा कोड तिथे! मॅनेजर म्हणे सुट्टीसाठी नाटकं करता. नंतर कळलं, आयसिसचा मजकूर आहे म्हणून ३२ संकेतस्थळं बंद केली होती, त्यात गिटहब, व्हिमिओ, इंटरनेट अर्काइव्ह सगळे आले. मूळ मागणी मुंबईच्या एटीएसची. काही दिवसांनी टप्प्याटप्प्याने उघडली. मॅनेजरने अजून माफी मागितलेली नाही.

चर्नीरोडकर
सगळ्यांचे आभार. डब्यात डबा वाचून प्रथमच काहीतरी डोक्यात शिरलं. अजून दोन शंका. एक, काल त्याच ब्राउझरमध्ये विजेचं बिल भरायला गेलो तर संकेतस्थळ उघडेना, आणि एक दुसरं पान चक्क जर्मन बोलायला लागलं. दोन, खिडकी मोठी केली की भाचा ओरडतो, "मामा, मॅक्सिमाइझ करू नका." का?

जुनाच_मोडेम
काका!! बिल आणि बँक टॉरमध्ये अजिबात नको. तिसरा डबेवाला जर्मनीत असला की समोरच्याला वाटतं तुम्ही जर्मन आहात. आपली कित्येक सरकारी संकेतस्थळं परदेशी पत्ता दिसला की दारच लावून घेतात. बँक तर एकदम सावध होते, खातं गोठवलं तर शाखेत हेलपाटे. आणि नाव-खातेक्रमांक घालून लॉगिन करणार असाल तर तोंड लपवून उपयोग काय? घुंघट घेऊन आधारकार्ड दाखवण्यासारखं आहे ते.

खिडकीचं असं, की पत्ता लपवला तरी पडद्याचा आकार, अक्षरांचे फाँट असल्या बारीकसारीक खुणांवरून माणूस ओळखता येतो. म्हणून टॉर ब्राउझर सगळ्यांना एकसारखा गणवेश घालतो. तुम्ही खिडकी ओढून वेड्यावाकड्या मापाची केलीत तर गणवेशावर लाल टोपी घातल्यासारखं होतं. नव्या आवृत्त्या कडेला करड्या पट्ट्या सोडून माप सांभाळतात, तरी सवय नको.

कोड_आणि_कटिंग
आणि टॉरवरून टोरेंट (लोकांनी एकमेकांकडून मोठ्या फायली उतरवून घ्यायची सोय) लावू नका कुणी. वेग मरतो, दुसऱ्यांचाही मारता, आणि वर तुमचा खरा पत्ता टोरेंटचं सॉफ्टवेअर स्वतःच बोंबलून सांगू शकतं.

आजीचा_अडकित्ता
मी वाचलं की हे टॉर अमेरिकेच्या नौदलाने काढलंय. मग यात त्यांचा डाव नसेल कशावरून? फुकट कोण काय देतं?

कोड_आणि_कटिंग
प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर मला फार आवडतं. १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हर्सन आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. २००२ च्या सुमारास रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्यासोबत आजचं टॉर उभं राहिलं. फुकट का दिलं? फक्त नौदलच ते वापरत असतं तर तिसऱ्या डबेवाल्याकडून जो कुणी बाहेर पडेल तो नौदलाचाच, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. लपायला गर्दी लागते. सकाळी ८:५२ च्या विरार लोकलमध्ये माणूस हरवतो, दुपारी अडीचच्या रिकाम्या डब्यात नाही. म्हणून पत्रकार, पोलीस, चोर, नवरा-बायको, चर्नीरोडकर काका, सगळे पाहिजेत. २००६ पासून ना-नफा संस्था ते सांभाळते. अमेरिकी सरकारचा पैसा त्यात बराच येत आलाय, ते लपवलेलं नाही, आणि कोड उघडा आहे, कुणीही वाचावा.

गर्दी नसली तर काय होतं? डिसेंबर २०१३, हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून बॉम्बची खोटी धमकी ईमेलने दिली, टॉरमधून. टॉर फुटलं नाही. तपास करणाऱ्यांनी एवढंच बघितलं, की त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कोण वापरत होतं. पोरगा सापडला आणि कबूलही झाला.

इडलीपात्र
तेवढ्या मेहनतीत अभ्यास झाला असता.

मावळकन्या
तिसऱ्या डबेवाल्याबद्दल एक सावधगिरी. शेवटचं कुलूप तोच उघडतो, म्हणजे आतल्या भाजीला स्वतःचं झाकण नसेल तर त्याला ती दिसते. २००७ मध्ये डॅन एगेरस्टॅड नावाच्या स्वीडिश माणसाने असेच शेवटचे संगणक चालवले आणि कितीतरी दूतावासांच्या ईमेलचे पासवर्ड त्याला उघडे मिळाले. त्यात भारताचेही होते. मंडळी समजत होती की टॉर आहे म्हणजे सगळं झाकलेलं आहे. तेव्हा पत्त्याआधी कुलपाची खूण बघा, टॉर असो वा नसो.

शारजाचा_शेजारी
वीस वर्षं आखातात आहे. इथे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता येतं पण कॉल लागत नाही. आईशी बोलायचं तर परवानगी असलेली पैसेवाली अ‍ॅपं. पुष्कळ लोक गपचूप व्हीपीएन लावतात, पण इथे त्याचा गैरवापर केला तर दंड जबर आहे. मी नाही लावत. रविवारी आईला सांगून ठेवलंय, ती मुलुंडहून आयएसडी करते, बिल मी भरतो.

मुलुंडमिरची
अरे, मुलुंड! कुठे राहतात काकू?

शारजाचा_शेजारी
ते वेगळं. 😄

हाँगकाँगमार्गे
कंपनीने दोन वर्षं शांघायला पाठवलं होतं. तिथे टॉर टाकून नुसतं 'कनेक्ट' दाबलं तर पट्टी पुढे सरकतच नाही. कारण त्या हजारो संगणकांची यादी जाहीर असते, चीनने ती सरळ उचलून बंद केली. यावर टॉरवाल्यांनी 'ब्रिज' काढले, म्हणजे यादीत नसलेले आडदरवाजे. मग चीनने वाहतुकीचं वळण ओळखून तेही पकडायला सुरुवात केली. मग त्यांना वेष दिले. ओबीएफएस४ नावाचा वेष वाहतुकीला असा गिचमिड करतो की ती कशासारखीच दिसत नाही. स्नोफ्लेक व्हिडिओ कॉलसारखा दिसतो. २०२४ मध्ये आलेला वेबटनेल साध्या कुलूपवाल्या संकेतस्थळासारखा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'कनेक्शन' मध्ये हे सगळं मिळतं. मांजर-उंदराचा खेळ आहे, आज चालेल ते उद्या चालेलच असं नाही. मी शेवटी हाँगकाँगचं सिमकार्ड रोमिंगवर वापरायचो. महाग, पण डोकं शांत.

ठाण्याची_थंडी
स्नोफ्लेक मी चालवतो! ब्राउझरमध्ये एक छोटं एक्स्टेंशन टाकायचं, बस. २०२२ च्या सप्टेंबरात इराणमध्ये निदर्शनं झाली, इंटरनेटची गळचेपी सुरू झाली आणि तिकडे स्नोफ्लेकचा वापर भराभर वाढला, तेव्हा टाकलं. गेल्या चोवीस तासांत किती जणांना मदत झाली एवढाच आकडा दिसतो. ते कोण, कुठले, काय वाचतात, काही नाही. आणि मी फक्त पहिल्या दाराआधीचा फाटकवाला आहे, त्यांची वाहतूक जगासमोर माझ्या पत्त्याने बाहेर पडत नाही. काल आकडा १४ होता. बायको म्हणते रोज सकाळी तुळशीला पाणी घालावं तसा तो आकडा बघतोस.

पोटमाळा
फाटकवाल्यावरून जरा अवांतर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या गिरगाव चौपाटीच्या आसपास उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला. ४२.३४ मीटरवर, "भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून". वय बावीसच्या आसपास. पोलिसांची गाडी लहरींचा माग काढत फिरायची, म्हणून ही मंडळी सारखा मुक्काम हलवायची, आज या इमारतीत, चार दिवसांनी त्या. तुमचे ब्रिज दुसरं काय करतात? १२ नोव्हेंबरला पकडले गेले ते यंत्र सापडलं म्हणून नाही, त्यांच्यातलाच एक तंत्रज्ञ फुटला म्हणून. चर्नीरोडकर, तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवरची गोष्ट आहे ही.

कोर्टाची_पायरी
वा! आणि आणीबाणीत, २८ जून १९७५ ला, टाइम्सच्या मुंबई आवृत्तीत छोट्या जाहिरातींत एक मृत्युवार्ता आली होती. डी.ई.एम. ओक्रसी (सलग वाचा, डेमोक्रसी!) नावाचे गृहस्थ २६ जूनला वारले म्हणून. सेन्सॉरने बिनधास्त पास केली.

खिडकीतली_सीट
मजा चाललीय ती चालू दे, पण एक सांगायचं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर श्रीनगरचा एक मुलगा बसायचा. ५ ऑगस्ट २०१९ ला ३७० कलम हटवलं, त्यानंतर त्याचा आईशी संपर्क तुटला. इंटरनेट नाही, मोबाईल नाही, लँडलाइनही नाही. आम्ही सगळे कांद्याचे तज्ज्ञ त्याला सुचवत होतो, हे टाक, ते टाक. तो शांतपणे म्हणाला, "दीदी, तारच कापलीय, त्यात काय टाकू?" विमानाने दिल्लीला आलेल्या एका अनोळखी माणसाने आईची चिठ्ठी आणली होती, ती त्याने पाकिटात ठेवली होती. पोस्टपेड मोबाईल ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाले, जानेवारी २०२० मध्ये टूजी, तेही ठरावीक संकेतस्थळांपुरतं, आणि फोरजी फेब्रुवारी २०२१ मध्ये. त्या ठरावीक यादीला बगल द्यायला लोक व्हीपीएन वापरायला लागले, तर त्यावरून तिथे एफआयआर पण झाला.

टॉर कुठली भिंत ओलांडतं ते आपण खूप बोललो. भिंतीऐवजी रस्ताच उखडला तर ते शून्य आहे.

मावळकन्या
🙏

आजीचा_अडकित्ता
हे माहीत नव्हतं. त्याची आई बरी आहे ना आता?

खिडकीतली_सीट
हो. आता रोज व्हिडिओ कॉल, आणि तो कंटाळतो. 🙂

सोसायटीचा_सेक्रेटरी
मला व्हीपीएन आणि टॉरमधला फरक दोन ओळींत सांगा. आमच्या सभेत एकाने ठराव आणलाय की सोसायटीच्या वायफायवर दोन्ही बंद करा.

जुनाच_मोडेम
व्हीपीएन म्हणजे घराची किल्ली एका शेजाऱ्याकडे ठेवणं. वेगवान, सोयीचं, पण शेजारी तुमचं येणंजाणं बघतो. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, निर्देश काढले की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवावेत. त्यानंतर कित्येक परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलून नेले. टॉरमध्ये किल्लीचे तीन तुकडे तीन अनोळखी लोकांकडे. हळू, पण अख्खी किल्ली कुणाकडेच नाही. दोनपेक्षा जास्त ओळी झाल्या.

आणि तो ठराव फेटाळा. निम्मी सोसायटी घरून ऑफिसचं व्हीपीएन लावून काम करते, दुसऱ्या दिवशी सगळे तुमच्या दारात येतील.

सोसायटीचा_सेक्रेटरी
ठराव आणणाऱ्याचा मुलगाच घरून काम करतो. मिळाला मुद्दा. धन्यवाद.

चर्नीरोडकर
मंडळी, पंधरा दिवसांनी येतोय, पुन्हा आभार मानायला.

मोडेमरावांनी सांगितल्याप्रमाणे भाच्याकडून डीएनएस बदलून घेतला. संकेतस्थळ साध्या ब्राउझरमध्ये उघडलं. म्हणजे तोफेची गरज नव्हतीच.

आता पुढची कथा. पुस्तक वाचत ११२ व्या पानावर आलो तर तिथे स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. नेमकी छापखान्याच्या मालकाची हकिकत अंगठ्याखाली! चरफडत पहिल्या पानावर गेलो तर तिथे जांभळा शिक्का दिसला. वाचून बघतो तर शिक्का आपल्याच शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयाचा. सातासमुद्रापारच्या ज्या संकेतस्थळासाठी मी रात्रीची झोप घालवली, त्याची मूळ प्रत माझ्या घरापासून एका बसच्या अंतरावर.

गेलो. नोंदवहीत नाव, पत्ता, फोन, सही, वर आधारची झेरॉक्स. का वाचायचंय त्याचंही कारण लिहायला लावलं. मी "जिज्ञासा" लिहिलं. ग्रंथपाल बाईंनी वर बघितलं, मग आत जाऊन पुस्तक आणलं. ११२ वं पान शाबूत आहे. फोटो काढायला परवानगी नाही, म्हणून वहीत उतरवून घेतोय. पानं मोठी, अक्षर बारीक, माझा चष्मा जुना. गुरुवारी परत जाणार आहे.

टॉर काढलेलं नाही. ठाण्याच्या थंडीचं वाचून भाच्याकडून स्नोफ्लेक पण टाकून घेतलं. काल आकडा ३ होता. सौ. विचारते, कुणाला मदत केलीस? म्हटलं, माहीत नाही.

ठाण्याची_थंडी
काका, ३ म्हणजे भारीच! माझा पहिल्या दिवशी शून्य होता.

आजीचा_अडकित्ता
११२ व्या पानावर काय आहे ते इथे टाका. मालकाचं पुढे काय झालं?

चर्नीरोडकर
गुरुवारनंतर. वेगळा धागा काढतो.

मुलुंडमिरची
माझं सविस्तर लिहायचं राहूनच गेलं. रुमाल उचलते, पुढच्या धाग्यावर टाकेन.